‘कर’चं ‘करा’ झालं ती रात्र

ही गोष्ट मी आजवर चार-पाच जणांना तोंडी सांगितली आहे आणि दर वेळी थोडी खोटी सांगितली आहे. वीज कडाडली, हात दचकला, पेनाची एक उभी रेघ जास्तीची ओढली गेली आणि पाच महिने अडलेली कथा त्या एका रेघेने सुटली, असं मी सांगते. ऐकणाऱ्याला आवडतं. खरं तर सांगताना मलाही आवडतं. पण तो कागद अजून माझ्याकडे आहे आणि कागद तसं म्हणत नाही. म्हणून एकदाचं नीट लिहून काढते.

कथा दोन भावांची. वडिलांमागे घर विकायचं ठरलं आहे. धाकटा कागद घेऊन थोरल्याकडे सही मागायला येतो. भर दुपार, बंद पडलेला पंखा, घरात दोघंच. बस, एवढंच. भांडण नाही, आरडाओरडा नाही. दोघांमधलं काहीतरी कधीच संपलेलं आहे आणि ते त्या सहीच्या निमित्ताने दोघांच्याही लक्षात येतं. हे मला पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत होतं, फक्त लिहिता येत नव्हतं. चार खर्डे झाले. चारही खर्ड्यांत धाकटा जिना चढून दारात येईपर्यंत ठीक चालायचं, आणि त्याने तोंड उघडलं की कथा मेलीच.

तिसऱ्या खर्ड्यातलं नेमकं वाक्य देते, कारण ते वाचल्याशिवाय पुढचं कळणार नाही:

‘दादा, तू इथे सही कर,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता पूर्वीची जवळीक उरली नव्हती.

यातलं दुसरं वाक्य म्हणजे मीच. दोन भाऊ बोलत असताना मधे जाऊन उभी राहिलेली आणि वाचकाला ‘बघा हं, जवळीक उरलेली नाही’ असं समजावणारी. ते मला दिसत होतं, म्हणून मी ते वाक्य बदलत राहिले. जवळीक काढून कोरडेपणा घातला. कोरडेपणा काढून परकेपणा. मग भावनांची नावं नकोतच म्हणून धाकट्याला मनगटावरचं घड्याळ बघायला लावलं. मग ते फार सिनेमातलं वाटलं म्हणून शर्टाची बाही ओढायला लावली. काहीही केलं तरी बरणीवर चिठ्ठी चिकटवल्यासारखं दिसायचं. पाच महिने मी चिठ्ठ्या बदलत होते आणि बरणी उघडून बघत नव्हते.

त्या रात्री अकराला आडवी झाले. वारा आधीपासूनच होता. साडेअकराच्या सुमाराला पहिली वीज चमकली आणि मी सवयीने मोजायला लागले. लहानपणी शिकलेला हिशोब आहे हा: उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं, तितके किलोमीटर वीज लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणून तीन. पहिल्यांदा पंधरा आले. पाच किलोमीटर. मग बारा. मग बराच वेळ काही नाही आणि एकदम नऊ. आकडे मोजता मोजता झोप लागते म्हणतात, इथे उलटं झालं. एक चमक झाली की दुसरीची वाट बघायची, आणि वाट बघणाऱ्या माणसाला झोप कुठली? साडेबाराला सहावर आलं. गडगडाटही आता वेगळा येत होता. लांब असताना तो गाडं घरंगळल्यासारखा लांबत जातो, कारण विजेची वाट काही किलोमीटर लांब असते आणि तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी पोचतो, लांबच्या टोकाचा मागून. अगदी जवळ पडली की मात्र गडगडाट नसतो, नुसता फटका असतो. फळी मोडल्यासारखा.

इथे ‘आधी उजेड, मग आवाज’ यावरून मला कथेचं काहीतरी सुचलं असेल असं कुणाला वाटेल. नाही सुचलं. मी फक्त मोजत होते.

एकला दहा कमी असताना वीज गेली, म्हणजे घरातली. खिडकीच्या फटीतून पाणी आत येत होतं. उठले, फटीत जुना टॉवेल कोंबला, खाली बादली ठेवली. नवरा गाढ झोपलेला. या माणसाला भूकंपातही झोप लागेल. परत आडवी होण्यात अर्थ नव्हता, म्हणून टेबलाशी बसले आणि लॅपटॉप उघडला. बॅटरी ११ टक्के. चौथा खर्डा उघडला. अंधारात तो पांढरा चौकोन डोळ्यांत घुसत होता. एक विशेषण खोडलं. परत घातलं. परत खोडलं. बॅटरी सहावर आली तेव्हा मी लॅपटॉप मिटला. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. आता काही करता येणार नाही, माझा दोष नाही, असं काहीसं.

अशा रात्रींच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्या होत्या आणि माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. फ्रान्त्स काफ्का २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला बसला आणि सकाळी सहाला एक अख्खी कथा संपवून उठला. बसून बसून पाय इतके आखडले होते की टेबलाखालून बाहेर काढता येईनात, अशी त्याच्याच रोजनिशीत नोंद आहे. ही गोष्ट लेखक लोक एकमेकांना फार प्रेमाने सांगतात. दुसरी लाडकी गोष्ट मेरी शेलीची: १८१६ चा तो विचित्र थंड, पावसाळी उन्हाळा, जिनिव्हाच्या सरोवराकाठचं घर, बाहेर वादळं, आत भुताच्या गोष्टींची पैज, आणि अठरा वर्षांच्या मुलीला ‘फ्रँकेन्स्टाइन’ सुचतं. (तो उन्हाळा तसा बिघडला त्यामागे आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता हे मोठं कारण, पण ते असो.) या गोष्टीत सांगणारे एक मधला तुकडा गाळतात. पैज लागल्यावर तिला लगेच काही सुचलं नव्हतं. रोज सकाळी विचारणा व्हायची, सुचली का गोष्ट? आणि तिला रोज ‘नाही’ म्हणावं लागायचं. हे तिनेच १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. मला त्या वादळापेक्षा त्या ‘नाही’ म्हणायच्या सकाळी जास्त ओळखीच्या वाटतात. माझ्या तशा पाच महिने झाल्या होत्या.

तर टेबलावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता. तिसरा खर्डा मी एका बाजूने छापून काढला होता, तोच. फोनचा टॉर्च लावला, त्यावर पाण्याची बाटली उभी केली. उजेड पसरतो तसं केलं की. फोन २३ टक्क्यांवर होता. सकाळच्या गजरापुरता जगला पाहिजे म्हणून दहा मिनिटांत तो बंद केला आणि खणातलं मेणबत्तीचं बोटभर उरलेलं टोक काढलं. तिसऱ्या खर्ड्याचं पान क्रमांक एक उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर कथा परत पहिल्यापासून लिहायला लागले. ठरवून नाही. झोप येत नव्हती, हात रिकामा होता आणि चार वेळा लिहिलेली सुरुवात मला पाठच होती.

लॅपटॉपवर माझा एक हात कायम खोडण्याच्या बटनावर असतो. तीन शब्द पुढे, दोन मागे. त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मला चालू ओळ दिसत होती आणि फार तर वरची एक. पान फडफडायचं, ज्योत आडवी व्हायची, डोळे चुरचुरायचे, त्यामुळे मागे जाऊन वाचायचा कंटाळा येत होता. खोडायचं तर शाईने खोडायचं, मग ती घाण पानावर राहणार. त्यापेक्षा पुढे गेलेलं बरं. एवढं साधं होतं ते. बाहेर वारा इतका दणकत होता की वाक्य मनात म्हटलं तरी ऐकू येत नव्हतं. एरवी मी प्रत्येक वाक्य मनात मोठ्याने म्हणते आणि ते म्हणणारा आवाज मला नेहमी नापास करतो. तो आवाज त्या रात्री वाऱ्यात बुडाला होता.

तिसऱ्या पानावर धाकटा जिना चढून दारात आला. चप्पल काढली. थोरल्याने बस म्हटलं, तो बसला. कागद पिशवीतून काढले, टिपॉयवर ठेवले, उडू नयेत म्हणून वर चष्म्याचं घर ठेवलं. आणि मी लिहिलं:

‘दादा, इथे सही करा.’

लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. थोरल्याचं वाक्य लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. वर बघितलं. ‘करा’?

या दोघांचं आयुष्यभर अरेतुरे आहे. चारही खर्ड्यांत धाकटा थोरल्याला ‘दादा, तू’ म्हणतो. माझ्या मनात त्यांचं लहानपण आहे, त्यात तर तो त्याला ‘ए दादा’ म्हणतो. ‘कर’ लिहायचं होतं. एक काना जास्तीचा पडला होता.

आणि त्या एका कान्यात सगळं होतं. जे मी पाच महिने जवळीक, कोरडेपणा, घड्याळ, बाही अशा चिठ्ठ्यांनी सांगत होते ते. धाकटा रागावलेला नाही, दुष्ट तर मुळीच नाही. तो दिवसभर लोकांना कागद दाखवतो, ‘इथे सही करा’ म्हणतो, त्या लोकांत आता दादाही जमा झाला आहे. त्याला ते कळलेलंसुद्धा नाही. ‘दादा’ तेवढं जुनं राहिलं आहे आणि क्रियापद नवं झालं आहे. ‘तुम्ही’ हा शब्दही लागला नाही, मराठीत तो गाळला तरी क्रियापद सांगतंच की समोरचा कोण लागतो.

मग थोरला काय म्हणेल? आता मला विचार करावा लागला नाही. पेन टेकलेलंच होतं.

‘पेन आहे का तुमच्याकडे?’

मी एकटीच मोठ्याने हसले. हसण्यासारखं त्यात काही नाही, उलट आहे. पण चुकून काना पडला तो माझ्या हातून, आणि थोरल्याने तो ऐकला. ऐकून काही बोलला नाही, दुखावल्याचं दाखवलं नाही, फक्त परत केला. धाकट्याने मान वर केली असेल का? नाही. तो खिशात पेन शोधत होता. हेही तेव्हाच कळलं.

आता त्या दचकलेल्या हाताविषयी. वीज त्या सुमाराला खरंच जवळ पडत होती, मोजायला एकच सेकंद मिळत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगताना मी ‘वीज पडली आणि हात हलला’ असं सांगून टाकलं, आणि मग ती गोष्ट तशीच राहिली. पण कागद बघा. दचकून ओढलेली रेघ तिरकी असते, शिरोरेघेबाहेर पडते. हा काना सरळ आहे. ‘र’च्या उंचीचा आहे. वरची शिरोरेघ ‘क’पासून सुरू होऊन कान्याच्या डोक्यावर येऊन संपते, नीट, घाई न करता. लिहिणाऱ्या हाताला ‘करा’च लिहायचं होतं. मला माहीत नव्हतं, हाताला माहीत होतं.

कुठून माहीत होतं ते दोन-तीन दिवसांनी भांडी घासताना आठवलं. वर्षभरापूर्वी शाळेतल्या एका मैत्रिणीचा फोन आला होता, कितीतरी वर्षांनी. कामाचाच होता. बोलता बोलता ती म्हणाली, ‘तुम्ही हल्ली घरीच असता का?’ लगेच पुढच्या वाक्यात ‘अगं’वर आली. तिच्या लक्षातही आलं नसेल. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून होते, हे मला आठवलं. त्यावर कधी काही लिहावं असं डोक्यातही आलं नव्हतं.

दोनच्या सुमाराला मेणबत्ती संपली. ज्योत पाण्यासारख्या मेणात बुडून विझली. दुसरी मेणबत्ती होती, पण काडेपेटी खिडकीत ठेवलेली, ती भिजलेली. फोन लावायचा नव्हता. मग तशीच अंधारात लिहीत राहिले. अंधारात लिहायची एक रीत मी त्या रात्री शोधली, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगते. डाव्या हाताचं पहिलं बोट ओळीच्या सुरुवातीशी दाबून ठेवायचं. ओळ संपली की उजवा हात परत त्या बोटापाशी आणायचा, बोट एक बोट खाली सरकवायचं, मग पुढची ओळ. अक्षर मोठं काढायचं. शिरोरेघ द्यायची नाही. मी सवयीने देत होते, त्यामुळे सकाळी बघते तर कित्येक शब्दांच्या पोटातून रेघ गेलेली, खोडल्यासारखी. आणि बोट सरकवायला विसरलं की ओळीवर ओळ चढते. तसं तीनदा झालं. दोन जागा मी नंतर भिंग लावून सोडवल्या. तिसरी आजतागायत वाचता आलेली नाही. त्यात ‘पंखा’ आहे, ‘आई’ किंवा ‘आता’ आहे, बाकी कोळिष्टक. त्या जागी मी नंतर सात निरनिराळी वाक्यं लिहून पाहिली. छापलेल्या कथेत आठवं आहे.

मधेच वीज चमकली की टेबल, बादली, माझा हात असं सगळं क्षणभर पांढरं व्हायचं. एकदा पान उचललेलं असताना चमकली आणि मागची छापील अक्षरं आरपार दिसली, उलटी, माझ्या वेड्यावाकड्या ओळींच्या मागे. तिसरा खर्डा उजवीकडून डावीकडे चालला होता.

तीनला नवरा उठून आला, चाचपडत.

‘खिडकी गळतेय का गं?’

‘टॉवेल लावलाय. बादली पण आहे, पाय नको मारूस.’

त्याने पाय मारलाच. मग अंधारात माझ्या दिशेला तोंड करून विचारलं, ‘लिहितेयस? अंधारात? कोण मेलं?’

‘कुणी नाही. सही करतोय.’

‘बरं,’ म्हणाला आणि झोपायला गेला. अठरा वर्षांच्या संसाराचा हा फायदा.

तीन ते पाच या वेळाचं मला फार सांगता येणार नाही. दृश्यं क्रमाने येत नव्हती. आधी धाकटा परत जाताना दिसला, मग दोघं लहान असताना एकाच सायकलवर, मग परत सहीची जागा. येईल ते लिहीत गेले, पानांवर आकडे घातले नाहीत. दोनदा डोळा लागला आणि पेन हातातून पडलं. २०२१ मध्ये छापून आलेला एक प्रयोग मला पुढे वाचायला मिळाला. त्यात लोकांना आकड्यांची कोडी दिली होती ज्यात एक छुपी पळवाट होती, आणि मधल्या विश्रांतीत हातात एक वस्तू धरायला लावली होती, डोळा लागला की ती पडावी म्हणून. झोपेच्या पहिल्या, अगदी हलक्या टप्प्यात निदान पंधरा सेकंद गेलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना पळवाट सापडली, जागेच राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. त्याहून खोल झोपेत गेलेल्यांना तो फायदा मिळाला नाही. वाचून मला माझं पडलेलं पेन आठवलं. पण कथा म्हणजे आकड्यांचं कोडं नव्हे, आणि माझी पळवाट तर पेन पडायच्या आधी सापडली होती. तेव्हा त्या प्रयोगाचा माझ्या रात्रीशी किती संबंध लावायचा, याबद्दल मी जपूनच आहे.

चारला थंडी वाजायला लागली. त्या सुमाराला शरीराचं तापमान तसंही दिवसातलं सर्वांत खाली असतं. चादर गुंडाळून बसले. मधेच शाई संपली, पेन्सिल घेतली. पाच वीसला खिडकीचा चौकोन करडा झाला, पाऊस नुसता टिपटिपत होता, आणि मला कळलं की मी बराच वेळ एकच वाक्य लिहिते आहे. थांबले. मोजली तर चौदा पानं. शब्द साधारण अठ्ठावीसशे. माझी एरवीची चाल आठवड्याला हजार.

सहा ते साडेनऊ झोपले. कामावर उशिरा गेले, डोकं दगड झालेलं, पण दिवसभर आपण कुणीतरी आहोत असं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत पानांकडे बघितलं नाही. हे एक शहाणपण मला अनुभवाने आलं आहे. रात्रीचं लिखाण त्याच सकाळी वाचलं तर एकतर डोळ्यांत पाणी येतं नाहीतर फाडून टाकावंसं वाटतं, आणि दोन्ही खोटं असतं.

दुसऱ्या दिवशी रात्री बसले. आधी क्रम लावायचा होता. वाऱ्याने पानं दोनदा खाली पडली होती. मेणाचे थेंब असलेली सुरुवातीची, हे सोपं. शिरोरेघा पोटातून गेलेली अंधारातली. पेन्सिलीची शेवटची. त्यापुढे अंदाज. एक पान कुठेच बसेना, ते अजून कुठेच बसलेलं नाही.

मग वाचलं. सहीचा प्रसंग, दीड पान, त्यात मी पुढे दोन शब्द बदलले, एवढंच. सायकलचा प्रसंग चांगला होता. बाकीच्याचं काय सांगावं! ‘जणू’ एकोणीस वेळा. एका पानावर थोरल्याच्या स्वप्नात घोडा येतो. का, ते घोड्यालाच माहीत. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे पाऊस. माझ्या कथेत कडक दुपार आहे, ऊन आहे, म्हणून तर बंद पंख्याला अर्थ आहे. पण पाचव्या पानापासून हळूहळू पाऊस शिरलेला. आधी थोरला खिडकीबाहेर बघतो तेव्हा ‘ओलसर उजेड’, मग कौलांवर थेंब, मग चक्क चारशे शब्दांचा मुसळधार, विजा, सगळं. खिडकीत टॉवेल कोंबला होता, कथेत कोण कोंबणार? पुढचे सात आठवडे मी मुख्यतः पाऊस उपसत होते. वाक्यावाक्यातून. कधी एखादं चांगलं वाक्य पावसासकट फेकावं लागलं, त्याचं वाईट वाटलं. त्या चौदा पानांतले जेमतेम नऊशे शब्द शेवटी राहिले. बाकीची कथा मी दिवसा, लॅपटॉपवर, तीन शब्द पुढे आणि दोन मागे अशीच लिहिली. फक्त आता ती पुढे जात होती.

मधल्या काळात मी एक मूर्खपणाही केला. दुसऱ्या एका अडलेल्या कथेसाठी मुद्दाम दिवे घालवून, मेणबत्ती लावून, पाठकोरे कागद घेऊन रात्री एकला बसले. बाहेर स्वच्छ चांदणं. अर्ध्या तासात टेबलावर डोकं ठेवून झोपले, केसांची एक बट जळली. लिहिलेलं पाऊण पान कुणाला दाखवणार नाही.

कथा एका मासिकाने घेतली. मुद्रितं तपासायला आली तेव्हा मी सहीच्या जागेवर आधी गेले. ‘करा’चा काना लाल शाईने सुबक खोडलेला होता. ‘दादा, इथे सही कर.’ समासात बारीक अक्षरात ‘सुसंगती’. मी काना परत घातला, शेजारी ‘आहे तसंच ठेवावं’ लिहून पाठवलं. दोन दिवसांनी मुद्रितशोधकांचा फोन. वयस्कर, शांत आवाज.

‘ताई, ते ‘करा’ ठेवायचंय का? आधी सगळीकडे ‘तू’ आहे हो. सायकलच्या प्रसंगात तर ‘ए दादा’ आहे.’

‘माहितीये. ते तसंच हवंय.’

ते जरा वेळ काही बोलले नाहीत. कागद उलटल्याचा आवाज आला.

‘असं होय,’ ते म्हणाले. मग म्हणाले, ‘मग खाली थोरला ‘पेन आहे का तुमच्याकडे’ म्हणतो, त्याचं मी ‘तुझ्याकडे’ केलं होतं. ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतंय. तेही परत पूर्ववत करू?’

खरंच सुटलं होतं. मी एक काना वाचवण्याच्या नादात खालची ओळ बघितलीच नव्हती.

‘करा,’ मी म्हणाले.